पाळीच्या आधीचा त्रास आणि योग: मुली (आणि त्यांच्या आया) विचारतात ते प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजच्या मुली माझ्या योगवर्गात जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बरेचसे प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. चटया गुंडाळून झाल्या, बाकीच्या जिना उतरल्या, की मागे थांबून हळूच विचारतात.

पाळी यायच्या आधी मी घरात सगळ्यांवर खेकसते, मग एकटीच रडते. हा पीएमएस आहे की माझा स्वभावच तसा?

ते तारखा सांगतील. पीएमएस म्हणजे पाळीच्या आधी शरीराला आणि मनाला होणारा त्रास. तो पाळीच्या आधीच्या आठवडा-दोन आठवड्यांतच येतो, पाळी सुरू झाली की तीन-चार दिवसांत ओसरतो आणि नंतर निदान एक आठवडा तू अगदी ठीक असतेस. चिडचिड, रडू येणं, झोप बिघडणं, छाती जड होऊन दुखणं, पोट फुगणं, पाय भरून येणं, गोडाची नाहीतर तिखटाची हाव सुटणं, अभ्यासात लक्ष न लागणं, यातलं काहीही असू शकतं. सगळं असायलाच हवं असं नाही.

म्हणून आधी दोन महिने नोंद ठेव. ॲप नसलं तरी चालतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई दुधाचा हिशेब लिहिते ना, त्याच चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ० ते ३ यांतला एक आकडा टाक. त्रास नाही तर ०, कॉलेजला जाता आलं नाही इतका असेल तर ३. कुणाला कळायला नको असेल तर त्या आकड्याचा अर्थ कुणाला सांगायचीही गरज नाही. पाळीचे दिवस गोल कर. दोन महिन्यांनी बघ. आकडे गोलाच्या आधी गर्दी करत असतील तर पीएमएस. महिनाभर २ आणि ३ पसरलेले असतील तर प्रकरण वेगळं आहे. थायरॉइड, रक्त कमी असणं, नैराश्य, घरातला ताण, काहीही असू शकतं. त्याला पाळीच्या खात्यावर टाकू नकोस.

आठवणीवर विसंबून राहू नकोस, एवढं मात्र आग्रहाने सांगते. पाळीच्या आधी भांडण झालं की ते लक्षात राहतं; एरवी झालेलं विसरतं.

हे होतं कशामुळे? हार्मोन जास्त झालेत का?

बहुतेक जणींत हार्मोनचं प्रमाण ठीकच असतं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि पाळीच्या आधी घसरतं. हा चढउतार सगळ्यांच्याच शरीरात होतो, पण काहींचा मेंदू त्याला जास्त जाणवून घेतो. मनःस्थितीशी निगडित असलेलं सेरोटोनिन नावाचं रसायन यात गुंतलेलं आहे. म्हणून ‘हार्मोनची टेस्ट’ नॉर्मल आली तरी तुझा त्रास खोटा ठरत नाही.

पाळी सुरू झाल्यावर ओटीपोटात जे आवळून येतं, ते वेगळं. त्याला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं जबाबदार असतात. ती गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात. मुली दोन्हीला एकच नाव देतात. दोन्हीत योगाचा उपयोग होतो, पण औषधं वेगळी आहेत.

योगाने खरंच फरक पडतो, की मनाचे खेळ?

फरक पडतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. पीएमएसवर झालेले योगाचे अभ्यास छोटे आहेत. त्यांत दुखणं, पोट फुगणं आणि ताण कमी झाल्याचं दिसतं. पाळीतल्या दुखण्यावर इराणमध्ये झालेली एक चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १८ ते २२ वर्षांच्या ९२ विद्यार्थिनी होत्या आणि आसनं फक्त तीन होती: भुजंगासन, मार्जरासन, मत्स्यासन. तीही पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात करायची. करणाऱ्या मुलींचं दुखणं कमी झालं आणि कमी वेळ टिकलं.

आता दुसरी बाजू. योग करणाऱ्या मुलीला आपण योग करतोय हे माहीत असतंच, त्यामुळे बरं वाटण्यात अपेक्षेचाही वाटा असतो. पीएमएसमध्ये हा वाटा मोठा असतो. अमेरिकेत १९९८ साली कॅल्शियमच्या गोळीची चाचणी झाली, तेव्हा रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्के कमी झाला, आणि नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्के. कुणी ‘आमच्या आसनाने हमखास बरं होतं’ म्हणालं की हा ३० चा आकडा आठव.

तरीही मी योग सांगते. चालणं, पळणं, पोहणं यांचाही फायदा होतोच, पण सहावीनंतर ज्या मुलीचं मैदान सुटलं आणि जिला संध्याकाळी एकटीने फिरायला पाठवत नाहीत, तिला चटईभर जागेत करता येईल असा व्यायाम हाच आहे.

नेमकी कोणती आसनं करू?

मी शिकवते तो क्रम सांगते. पंचवीस-तीस मिनिटं लागतात.

सुरुवात मार्जरासनाने. गुडघे नितंबांखाली, तळवे खांद्यांखाली. गुडघ्याखाली गोधडीची घडी घे, फरशीवर गुडघे दुखतात. श्वास घेताना पोट खाली सोडायचं, मान किंचित वर. श्वास सोडताना पाठ वर गोल, हनुवटी छातीकडे. आठ-दहा वेळा, श्वासाच्या गतीने. मुली इथे घाई करतात आणि नुसती मान हलवतात. हालचाल माकडहाडापासून सुरू झाली पाहिजे.

मग भुजंगासन. बेंबी जमिनीलाच राहू दे, कोपरं थोडी वाकलेली आणि बरगड्यांजवळ. किती वर उठलीस याला महत्त्व नाही. छाती दुखत असेल तर पालथं झोपणंच नको वाटतं, आणि पाळीच्या आधी हे फार जणींना होतं. तेव्हा भुजंगासन सरळ सोडून दे आणि उताणं झोपून सेतुबंधासन कर: गुडघे वाकवून, पावलं जमिनीवर, कंबर वर. पाठीला तोच ताण मिळतो, छातीवर दाब येत नाही.

त्यानंतर पवनमुक्तासन: उताणं झोपून गुडघा पोटाशी धरायचा, आधी एकेक पाय, मग दोन्ही. पोट फुगलेलं असताना याने गॅस सुटतो, आणि वर्गात सुटला तर हसायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नियम पाळला जात नाही.

सुप्त बद्धकोनासन मात्र घाईने करायचं नाही. लोड किंवा दोन उशा लांबीत ठेव, कंबर उशीच्या टोकापुढे जमिनीवर, पाठ आणि डोकं उशीवर. पायांचे तळवे एकमेकांना जोडून गुडघे बाजूला सोड आणि दोन्ही गुडघ्यांखाली चादरीची एकेक गुंडाळी दे. ही गुंडाळी नसेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूला ओढ बसते आणि विश्रांती मिळतच नाही. पाच मिनिटं. हात पोटावर. पायांत वारं भरल्यासारखं होत असेल, पावलं जड असतील तर पुढे विपरीत करणी: भिंतीला कुशीने टेकून बस, मग वळून पाय भिंतीवर टाक. नितंब भिंतीपासून वीतभर लांब असले तरी चालतं. पाच ते दहा मिनिटं.

शेवटी भ्रामरी (ओठ मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं) पाच-सात वेळा आणि शवासन. शवासनात कंबर दुखत असेल तर पोटऱ्या खुर्चीवर किंवा बाजेवर ठेव.

हे पाळीच्या आधीच्या चार दिवसांतच करायचं का?

नाही. आणि बहुतेक मुली नेमकं तेच करतात. त्रास सुरू झाला की चटई शोधतात, पाळी संपली की चटई कपाटावर. ज्या दिवशी उठायचीही इच्छा नसते त्या दिवशी नवी सवय लागत नाही. पाळी संपल्यावरचा आठवडा हा शिकायचा काळ. तेव्हा अंगात जोर असतो, सूर्यनमस्कारही घाल. मग पुढच्या पंधरवड्यात जोर कमी करत वरचा क्रम ठेव. आठवड्यात चार-पाच दिवस जमले तरी पुरे. फरक पडला की नाही हे तीन पाळ्या झाल्याशिवाय ठरवू नकोस.

पाळी चालू असताना योग चालतो का? आजी म्हणते, चालत नाही.

चालतो. जमेल तेवढा, हलका. शीर्षासन, सर्वांगासन त्या दिवसांत करू नये अशी परंपरा आहे. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण त्या दिवसांत उलटं उभं राहण्यात फायदाही काही नाही, तेव्हा आजीचं ऐकायला हरकत नाही. कपालभाती, भस्त्रिका आणि पोट आवळून घेणाऱ्या क्रिया मात्र रक्तस्राव जास्त असेल तेव्हा थांबव. बालासन, सुप्त बद्धकोनासन, सावकाश श्वास यांना काहीच अडकाठी नाही.

नुसता प्राणायाम केला तर?

चिडचिड आणि झोप हाच मुख्य त्रास असेल तर त्यानेही बरंच काम होतं. अनुलोम-विलोम श्वास न रोखता, किंवा नुसता लांब श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले. पाच मिनिटांनी ठोके शांत झालेले कळतात. सकाळच्या एसटीत खिडकीशी बसूनही हे करता येतं. चोपड्याहून, पारोळ्याहून रोज येणाऱ्या मुली करतात.

घरात दोन खोल्या, माणसं सहा. कुठे करू?

खरा अडसर हाच आहे, आसनं नव्हे. मला दिसलेले दोन मार्ग आहेत. एक, पहाटे सगळे उठायच्या आत गच्चीवर. दोन, रात्री अंथरुणं घातली की आपल्याच अंथरुणावर. सुप्त बद्धकोनासन आणि भिंतीवर पाय एवढंच. ‘काय करी ऱ्हायनी?’ असं कुणी विचारलं तर पाठ दुखते म्हणून सांग. पाठीच्या दुखण्याला घरात मान आहे, पाळीच्या दुखण्याला नाही. तो मिळायला वेळ लागेल, तोवर व्यायाम का अडवायचा?

आणि आयांना एक सांगते. मुलगी अर्धा तास चटईवर असताना ‘चहा ठेव गं’ म्हणून हाक मारू नका. भावाला ठेवू द्या.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा?

पहाटे साडेपाचला, नाहीतर नकोच. पत्र्याच्या घरात दुपारी चुकूनही नाही. उन्हाळ्यात मी सूर्यनमस्कार निम्मे करते आणि शीतली प्राणायाम (जिभेची नळी करून तोंडाने श्वास आत घेणं) वाढवते. उन्हातून आल्यावर लगेच आसनं करायची नाहीत, आधी पाणी. पाळीच्या आधी डोकं दुखणाऱ्या मुलींचं निम्मं दुखणं उन्हाळ्यात पाणी कमी पिण्याचं असतं, आणि पाणी कमी पितात कारण कॉलेजचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसतं. यावर माझ्याकडे आसन नाही.

मी पोलीस भरतीची तयारी करते. पाळीच्या आधी ग्राउंड बंद ठेवू का?

बंद ठेवू नकोस. पळण्यानेही पीएमएस हलका होतो. आकडा ३ असेल त्या दिवशी ८०० मीटरची वेळ लावू नकोस, हळू पळ. गोळाफेकीचा सराव चालेल. चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घे, छातीच्या दुखण्याला कुठल्याही आसनाहून तिचा उपयोग जास्त. पळाल्यावर भिंतीवर पाय. आणि हिमोग्लोबिन तपासून घे. दम लागणं, वेळ न सुधारणं, थकवा, हे सगळं पीएमएसच्या नावावर खपतं आणि रिपोर्ट येतो ९ चा.

कापूस वेचणीला जाते. संध्याकाळी कंबर मोडलेली असते, वर पाळीच्या आधीचं दुखणं. त्यात योग कुठून करू?

तू दिवसभर वाकलेली असतेस, कमरेच्या ओटीत कापसाचं वजन असतं. तुला पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन असली पुढे वाकायची आसनं नकोत. घरी आल्यावर हातपाय धुऊन उताणी पड, पोटऱ्या बाजेवर ठेव, दहा मिनिटं. मग चार-पाच वेळा सावकाश सेतुबंधासन. झालं. दसरा-दिवाळीपासूनच्या हंगामात एवढंच पुरे, बाकीचं वेचणी संपल्यावर.

खाण्यात काय सांभाळू? शेवभाजी सोडू का?

कायमची सोडायला कोण सांगतंय! पण पोट फुगत असेल, पाय सुजल्यासारखे वाटत असतील तर त्या आठवड्यात शेव, पापड, लोणचं, ठेचा एकाच ताटात नको. मीठ पोटात किती गेलं ते कळतही नाही. हॉटेलातली झणझणीत शेवभाजी पाळीनंतर खा. वरण-बट्टी चालेल, तूप बेताचं. कळण्याची भाकरी आणि भरीत उत्तम. केळी तर आपल्याकडे घरचीच असते. चार वाजता वेफर्सऐवजी केळं खा.

कॅल्शियम हवं आहे, म्हणून दूध, दही, तीळ आणि नागली, म्हणजे नाचणी. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सातपुड्याच्या पट्ट्यात ती ताटात आहेच; जळगावात मात्र फक्त पापडापुरती उरली. बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नकोस, जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास नसांना इजा होते.

शाळेत मिळायची ती निळी गोळी अजून घ्यायची का?

ती लोह आणि फॉलिक ॲसिडची साप्ताहिक गोळी आहे. १० ते १९ वयासाठी. पीएमएसची नाही, पण रक्त कमी असेल तर थकवा दुप्पट वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया ॲनिमियाच्या निघाल्या. गोळी जेवणानंतर घे, चहासोबत नको. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही, डॉक्टर सांगतील तसं.

कानबाईच्या रोटाला पाळी येऊ नये म्हणून आई गोळी आणते. घेऊ का?

कानबाई ही खानदेशातली देवी, रोट हा तिच्या श्रावणातल्या सणाचा नैवेद्य. तेव्हा औषधाच्या दुकानांत हीच मागणी असते. ती गोळी नोरेथिस्टेरॉनची असते, पाळीच्या तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. एखाद्या वेळी डॉक्टरांना विचारून घेतली तर हरकत नसते. पण तिच्यानेच पोट फुगतं, छाती दुखते, मन खाली जातं, म्हणजे जे टाळायचं तेच लांबतं. कानबाई, नवरात्र, लग्न, सप्तशृंगीची यात्रा, प्रत्येक वेळी घेत गेलीस तर नोंदीचाही काही अर्थ राहत नाही. अर्धशिशी असेल, घरात कुणाला रक्ताच्या गाठी झाल्या असतील तर दुकानातून थेट घ्यायचीच नाही. पाळीत रोट चालतो की नाही, हे मात्र घराघराने ठरवायचं. माझं मत विचारशील तर चालतो.

ओम म्हणावंच लागतं का? आमच्या घरी चालणार नाही.

नाही. भ्रामरीत नुसता गुणगुणण्याचा आवाज असतो. योगाकडे शरीरशास्त्र म्हणून बघण्याची वाट आपल्याच भागातून गेली आहे: योगाचे संशोधक स्वामी कुवलयानंद लोणावळ्यात १९२४ ला कैवल्यधाम ही संस्था काढण्याआधी अमळनेरच्या कॉलेजात प्राचार्य होते. क्रिया चालू असताना शरीरात काय घडतं हे त्यांनी क्ष-किरणांनी तपासलं. नमाज पढणाऱ्या मुली माझ्या वर्गात आहेत. वज्रासनात त्या सगळ्यांहून जास्त वेळ बसतात.

‘आमना टाइमले असं काही नव्हतं.’ (हा प्रश्न नाही, पण आया तो प्रश्नासारखाच विचारतात.)

होतं. तुम्ही भांडी जोरात आपटायचात, आणि घरात म्हणायचे, हिला आज काय झालंय. मुलीला तेच होतंय, फक्त तिला त्याचं नाव माहीत आहे.

पीसीओडी (बीजकोशांचा विकार) आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. हाच क्रम चालेल?

क्रम चालेल, पण पाळीच्या आधीचे दिवस कुठले हेच कळत नाही, म्हणून दिवस न मोजता नियमित कर आणि सूर्यनमस्कार, चालणं वाढव. योगाने वजन, ताण, झोप यांना मदत होते. तपासणी आणि औषधाची जागा तो घेत नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं?

दर तासाला पॅड बदलावं लागतंय, पाळी सात दिवसांहून जास्त चालतेय, साध्या वेदनाशामक गोळीने दुखणं हटत नाही, दर महिन्याला दुखणं वाढतंय, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातंय, पंधरा पूर्ण झाली तरी पाळी आलेली नाही. यात योगाची वाट बघत बसू नकोस. ग्रामीण रुग्णालयात मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथून सुरुवात करता येते. आशाताईंना विचारलं तरी त्या रस्ता सांगतात.

पाळीच्या आधी जगणंच नको वाटतं, स्वतःला इजा करावीशी वाटते, असं असेल तर तो साधा पीएमएस नाही. त्याच्या या तीव्र प्रकाराला पीएमडीडी म्हणतात, शंभरातल्या दोन ते पाच-सहा जणींना असतो आणि त्यावर चांगली औषधं आहेत. काहींना ती महिन्यातले पंधराच दिवस घ्यावी लागतात. अशा वेळी १४४१६ या टेलि-मानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) क्रमांकावर फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि घरात एकाला तरी त्याच दिवशी सांग.

शिकवणारं कुणी नाही. व्हिडिओ बघून केलं तर?

वर सांगितलेला क्रम व्हिडिओ बघून करण्याइतका सोपा आहे. ‘सात दिवसांत पाळी रेग्युलर’ असं लिहिलेला व्हिडिओ उघडू नकोस. शिकवणारी व्यक्ती श्वास कधी घ्यायचा, उशी कुठे ठेवायची हे सांगते का ते बघ. नुसती लवचीक अंगं दाखवणाऱ्यांचा उपयोग नाही. एकदा आधी नुसतं बघ, मग मोबाइल बाजूला ठेवून कर, कारण मान वळवून पडद्याकडे बघत सेतुबंधासन केलं तर मान धरते. मत्स्यासन, सर्वांगासन अशी आसनं व्हिडिओवरून शिकायची नाहीत, मानेवर वजन येतं. ती सुट्टीत कुणाकडून तरी समोर बसून शिकून घे.